दहापैकी चार

गेल्या आठवड्यात आमच्या कचेरीत एक पाहुणा आला होता. कोट, टाय, कॉलरला अडकवलेला माईक. विषय, 'कार्यालयीन वर्तन आणि प्रगती'. भिंतीवर चित्रं पाडून दोन तास बोलला. शिडी, शिडीवर चढणारा माणूस, वर सूर्य. म्हणाला, माणूस कामावर नोकरीत टिकतो, पण वर चढतो तो वागण्यावर. सकाळी आल्याबरोबर हसून नमस्कार करा. डबा एकट्यानं खाऊ नका. साहेबांना तोंडावर 'नाही' म्हणू नका. तक्रारीचा सूर लावू नका. मिसळा, मिसळा, मिसळा. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मीही पिटल्या. खोटं कशाला बोलू?

टाळ्या पिटून टेबलावर आलो आणि ड्रॉवर उघडला. त्यात माझा कागद होता.

ज्या पोरांनी अजून नोकरीचं तोंड पाहिलं नाही त्यांच्यासाठी हा कागद काय ते सांगतो. मी पुण्यात केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकुनी करतो. यंदा वीस वर्षं पुरी झाली. दरवर्षी साहेब आपल्यावर एक अहवाल लिहितो. पूर्वी त्याला सीआर म्हणत, गोपनीय म्हणत. २००८-०९ पासून त्याचं नाव एपीएआर झालं आणि तो आपल्याला दाखवू लागले. दहापैकी गुण. त्यात वजन असं : केलेल्या कामाला ४० टक्के, वैयक्तिक गुणांना ३० टक्के, कामाच्या जाणकारीला ३० टक्के. मला काय मिळाले ते शाळेतल्या पाढ्यासारखं म्हणून दाखवतो. कामाला सात. सात चोक अठ्ठावीस, म्हणजे २.८. वैयक्तिक गुणांना चार. चार त्रिक बारा, १.२. जाणकारीला सहा. सहा त्रिक अठरा, १.८. बेरीज ५.८.

सहापासून आठच्या आत असला तर 'व्हेरी गुड'. चारपासून सहाच्या आत असला तर 'गुड'. मी गुड. गुड म्हणजे चांगला. आणि सरकारी हिशेबात चांगला म्हणजे मेलेला.

कसा ते ऐका. ज्याला बढती लाभत नाही त्याला निदान दहा, वीस आणि तीस वर्षांनी वरच्या पायरीचा पगार द्यायचा, अशी एमएसीपी नावाची योजना आहे. बढतीची तहान पगारावर भागवायची. सातव्या वेतन आयोगानंतर, २०१६ सालापासून, तिचीही अट 'गुड'वरून 'व्हेरी गुड' झाली. माझी विशी यंदा भरली आणि यंदाच मी गुड झालो. चाराच्या जागी पाच मांडले असते तर बेरीज ६.१ झाली असती. एका आकड्यानं माझी वीस वर्षं उंबऱ्यावर अडवली. आणि तो आकडा कामाचा नाही. कामाला सात आहेत. साहेबाच्याच शाईनं आहेत. कमी पडला तो आकडा वागण्याचा.

म्हणून त्या टायवाल्याचा मला राग आला तो तो खोटं बोलला म्हणून नाही. तो खरंच बोलला. वागण्यावर बढती ठरते. शंभरातले तीस त्याच्यासाठी राखून ठेवलेत. ह्या आरक्षणाबद्दल मात्र कुणी ओरडत नाही. त्यानं सांगितलं नाही ते एवढंच, की वागणारा एक असतो आणि वागणूक वाचणारा दुसरा. आणि वाचणाऱ्याचा चष्मा सरकारी स्टोअरमधून येत नाही, घरून येतो. आजोबाच्या फ्रेमचा.

वैयक्तिक गुणांच्या पोटात काय काय येतं बघा. शिस्त, जबाबदारी, संघभावना, परस्परसंबंध, आणि एक आहे 'ओव्हरऑल बेअरिंग अँड पर्सनॅलिटी'. याचं मराठी काय करू? एकंदर चालणं, बोलणं, दिसणं, रुबाब. सरकारनं रुबाबाला मार्क ठेवलेत, दोस्तांनो! ज्याच्या बापाला नवा सदरा घातला म्हणून चावडीपुढं बसवून ठेवला, त्याच्या पोराच्या रुबाबाला आता दहापैकी मार्क. मला तीन मिळाले. संघभावनेला तीन. परस्परसंबंधांना तीन. बाकीच्या रकान्यांनी ओढून सरासरी चारावर आणली. खाली शेरा, मराठीत सांगायचं तर असा : कामात चोख, पण सहकाऱ्यांत मिसळत नाही, बोलणं आक्रमक, आदेश लेखी मागण्याची सवय. म्हणजे मी घुमाही आणि भांडखोरही. एकाच वर्षी, एकाच साहेबाला, एकाच टेबलावर.

मिसळत नाही, याची हकिकत सांगतो. नोकरीला लागलो तेव्हा मधल्या सुट्टीत खिडकीपाशी पाच-सहाजणांचा डबा जमायचा. मीही जाऊन बसलो. महिना-दीड महिना बरा गेला. एक दिवस आईनं डब्यात सुकट दिली होती. झाकण उघडलं. कुणी काही बोललं नाही. नाकाला रुमालसुद्धा लावला नाही, शिकलेली माणसं. दुसऱ्या दिवशी मी खिडकीपाशी गेलो तर तिथं कुणीच नव्हतं. डबा वरच्या मजल्यावर गेला होता. मला त्यांनी उठवलं नाही, तेच उठले. तेव्हापासून मी माझ्या टेबलावर जेवतो आणि माझ्या कागदावर 'मिसळत नाही' येतं. वरच्या मजल्यावर गेलेल्यांच्या कागदावर काय येतं? उत्तम संघभावना.

लेखी आदेशाचंही तसंच. गेल्या वर्षी एका बिलावर तोंडी सांगण्यावरून सही करायला मी नकार दिला. म्हटलं, साहेब, फायलीवर दोन ओळी लिहा, लगेच करतो. शेजारच्या टेबलावरच्या एका गृहस्थानं वर्षभरापूर्वी नेमकं हेच केलं होतं. तो 'नियमांचा काटेकोर' ठरला. तो शिपायावर खेकसतो तेव्हा खमक्या असतो. मी फोनवर मोठ्यानं बोललो की आक्रमक. सुट्टीचं म्हणाल तर गणपतीला पाच दिवस ऑफिस निम्मं रिकामं असतं, तो उत्सव. मी ६ डिसेंबरला दादरला जायला एक दिवसाची किरकोळ रजा टाकली की 'ऐन महत्त्वाच्या वेळी गैरहजर'. सकाळी गेटावरच्या सफाईवाल्या बाईला मी 'जय भीम ताई' म्हणतो आणि ती 'जय भीम दादा' म्हणते. एवढ्यावर मला बाजूला घेऊन सांगितलं गेलं, 'अहो, ऑफिसात घोषणा कशाला?' नमस्काराचीसुद्धा घोषणा होते आपल्या तोंडात.

पण हे सगळं वीस वर्षं चालूच होतं, आणि तरी मला दरवर्षी साडेसहा, पावणेसात मिळत होते. मग यंदाच काय बिनसलं? मी रात्री बसून हिशेब केला. कामात फरक नाही, वेळेत फरक नाही. एकच फरक सापडला. आमच्याकडं खात्यातली बढतीची यादी लागली की एक विनोद होतो. 'तुमचं काय बुवा, तुम्ही सरकारचे जावई!' हा विनोद मी वीस वर्षं ऐकतो आणि वीस वर्षं हसतो. नुसता हसत नाही, कधीकधी वर आपलीही भर घालतो, 'सासुरवाडी कंजूष आहे हो!' सगळे खूश. साडेसहा मार्क. गेल्या वर्षी यादी लागली, विनोद झाला, आणि मी हसलो नाही. उठून भांडलोही नाही. फायलीत बघत राहिलो. खोलीत दोन मिनिटं पंख्याचा आवाज. बस्स. माझं सगळं आक्रमक वर्तन ते एवढंच.

म्हणजे वीस वर्षं ते माझं काम मोजत नव्हते. माझं हसू मोजत होते.

आणि हे नवं आहे असं समजू नका. गावात आपल्या वागणुकीचा अहवाल रोज लिहिला जायचा, फक्त कागद नव्हता. येसकर चावडीवर दारापासून किती अंतरावर उभा राहतो, 'जोहार मायबाप' म्हणताना किती वाकतो, बायको लुगड्याचा काठ कसा झाकते, यावर पाटील-कुळकर्ण्यांची प्रतवारी ठरायची. जो महार 'चांगल्या वागणुकीचा' त्याची बढती एवढीच, की त्याला बलुत्यात ओंजळभर जास्त. मुंबईच्या गिरण्यांत गेलो तिथंही तेच. रिंगखात्यात आपल्याला घ्यायचे, साचाखात्यात नाही. साच्यावर पगार जास्त. अडचण काय? धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे. महाराच्या तोंडचा धागा बाकीच्यांना कसा चालणार? सारा गिरणगाव लाल बावट्याखाली उभा, पण थुंकी मात्र जातवार. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला. हुनर होता, हात होते. तोंड चुकीचं होतं. आज तोंडाच्या जागी 'कम्युनिकेशन स्किल' लिहितात.

आणि खुद्द बाबासाहेब? १९१७ साली कोलंबियात शिकून आलेला माणूस बडोद्याच्या दरबारी नोकरीला लागला. पट्टेवाले फायली लांबून टेबलावर फेकत. प्यायला पाणी मिळेना. पारशाच्या धर्मशाळेतून अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावानं बाहेर काढलं. त्या वर्षी त्यांचा एपीएआर लिहिला असता तर? मी सांगतो काय लिहिलं असतं. 'विद्वान आहेत, परंतु कर्मचाऱ्यांशी मिसळत नाहीत. मुक्कामाचा पत्ता निश्चित नाही. संघभावना, दहापैकी तीन.'

आता तो मुलगा. खरं तर हे सगळं त्याच्यासाठी लिहायला बसलो.

ताडीवाला रोडच्या वस्तीतला पोरगा. परीक्षा देऊन, गुणवत्तेनं, गेल्या वर्षी आमच्याकडं लागला. हुशार. कॉम्प्युटर असा चालवतो की साहेब त्याच्या खुर्चीमागं येऊन उभा राहतो. पहिल्याच दिवशी त्यानं टेबलावर बाबासाहेबांचा छोटा फोटो ठेवला. मी संध्याकाळी त्याला चहाला घेऊन गेलो आणि म्हटलं, 'फोटो ड्रॉवरमध्ये ठेव. प्रोबेशन संपू दे. दोन वर्षांचा प्रश्न आहे. हसत राहा. उलट बोलू नकोस. विनोद झाला की हस, काही झिजत नाही.' पोरानं ऐकलं. आपली पोरं मोठ्यांचं ऐकतात. फोटो ड्रॉवरमध्ये गेला. जयंतीला तो निळा सदरा न घालता आला. आणि त्या दिवशी, यादीच्या दिवशी, विनोदावर मी हसलो नाही तेव्हा खोलीत जे हसले त्यांत तोही होता. माझ्याकडं बघत हसला. मीच शिकवलेलं हसू होतं ते.

बाबुराव बागुलांनी 'जेव्हा मी जात चोरली होती' लिहिली त्याला १९६३ साल धरलं तर साठ वर्षं उलटून गेली. तिथल्या माणसाला निदान चोरी करावी लागली होती. इथं जात सर्व्हिस बुकात नोंदलेली, सगळ्यांना माहीत, आणि तरी आम्ही ती रोज सकाळी दहा वाजता चोरतो आणि सहा वाजता घरी नेतो. आणि पोराबाळांना ती चोरी शिकवतो मी. वीस वर्षं नोकरी झालेला, मोर्चात पुढं चालणारा मी. त्या टायवाल्यात आणि माझ्यात फरक काय राहिला? त्यानं मानधन घेतलं, मी चहा पाजला. व्याख्यान संपल्यावर पोरगा माझ्याकडं येऊन म्हणालासुद्धा, 'दादा, ते सर तुमचंच बोलत होते की.'

आता काही शहाजोग विचारतील, तुमच्यात आळशी नाहीत काय? उद्धट नाहीत काय? आहेत. भरपूर आहेत. आम्ही काय देवलोकातून आलो? आळशी असेल त्याचे कामाचे गुण कापा. पब्लिकशी उद्धट बोलला तर मेमो द्या, तारीख घाला, त्याचं म्हणणं ऐका. पण कामाला सात द्यायचे आणि रुबाबाला तीन, हा कुठला न्याय? आणि ते दुसरं पालुपद, 'तुम्हाला सगळीकडं जातच दिसते.' साहेब, मी बघत नाही, मला दाखवली जाते. जेवणाचा डबा मी वरच्या मजल्यावर नेला नव्हता.

आणखी एक गंमत त्याच फॉर्मात आहे. साहेबावरही कुणीतरी अहवाल लिहितं. त्यात शेवटी शंभरेक शब्दांत त्याचं शब्दचित्र काढायचं असतं, आणि नियमानं त्यात हेही यायला हवं की दुर्बल घटकांकडं बघण्याची त्याची वृत्ती कशी आहे. म्हणजे ज्यानं मला तीन दिले त्याच्याही नावापुढं ही ओळ आहे. काय लिहिलं असेल? 'सहानुभूतीची'. पैजेवर सांगतो. आणि हे कोणाला विचारून लिहिलं? मला नाही. गेटावरच्या ताईला नाही. तिच्यासारखाच दुसरा साहेब बोलावून विचारलं असतं तरी चाललं असतं, पण तिच्यासारखा साहेब आमच्या इमारतीत नाही. आपले जे वर पोचले त्यांचं तरी काय? आपल्यातलाच एक अधिकारी मी पाहिला. जयंतीला व्यासपीठावर भरभरून बोलायचा आणि सफाईवाल्यांच्या कागदावर 'वागणूक उर्मट' लिहायचा, कारण ते त्याला बघून उठत नव्हते. वर गेला तसा त्याचा चष्माही बदलला. त्याचं मला जास्त लागलं.

बढतीतलं आरक्षण आहे की, असंही म्हणतील. १९९२ च्या मंडल निकालात बढतीतलं आरक्षण बसत नाही म्हटलं गेलं, १९९५ साली सत्याहत्तरावी घटनादुरुस्ती करून ते राखलं, २००६ साली नागराजच्या निकालानं त्याला आकडेवारीच्या आणि 'प्रशासनाच्या कार्यक्षमतेच्या' अटी लावल्या. आपल्या राज्यात तर २५ मे २००४ चा शासन निर्णय मुंबई हायकोर्टानं ४ ऑगस्ट २०१७ रोजी रद्द केला. त्या भांडणात मी इथं शिरत नाही. एवढंच विचारतो, कार्यक्षमता मोजायला सरकारकडं दुसरं माप कुठलं आहे? हाच कागद. हेच बेअरिंग. हिंजवडीच्या काचेच्या इमारतीत जाणाऱ्या पोरांचं तर याहून कठीण. तिथं 'कल्चर फिट' नाही म्हणतात आणि विषय संपला. कागद दाखवत नाहीत, दाद मागायची खिडकी नाही.

आम्हाला ती खिडकी आहे, आणि ती कुणी दया म्हणून दिली नाही. कोर्टात झिजलेल्या माणसांनी दिली. १९७९ साली गुरदियाल सिंग फिज्जीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं म्हटलं, न कळवलेल्या वाईट शेऱ्यावर बढती नाकारता येत नाही. पण 'गुड' हा कुठं वाईट शेरा? तो कळवतच नसत. बॉर्डर रोड्समधला देव दत्त नावाचा एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर असाच अडकला. १९९३-९४ सालचा एक 'गुड', आणि बढतीला पाचही वर्षं 'व्हेरी गुड' हवं. त्याची जात हा तिथं प्रश्नच नव्हता. २००८ साली कोर्टानं निकाल दिला : अव्वल असो की सुमार, प्रत्येक शेरा माणसाला कळवलाच पाहिजे. २०१३ साली सुखदेव सिंगच्या खटल्यात तीन न्यायमूर्तींनी ते कायम केलं. निकाल लागेपर्यंत देव दत्त रिटायर झाला होता. त्याच्यामुळं आज माझा कागद माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, आणि त्याच्याविरुद्ध अर्ज करायला मला पंधरा दिवस आहेत.

आज अकरावा दिवस.

हितचिंतक सांगतायत, करू नकोस. 'अर्ज केलास तर पुढच्या वर्षी दोन देतील. अर्ज करणं हीसुद्धा वागणूकच धरतात.' अगदी बरोबर आहे त्यांचं. दाद मागितली की शेरा खराच ठरतो : बघा, आक्रमक आहे, म्हटलं नव्हतं? गप्प बसलो तर तीनाचे कदाचित चार होतील, सहा महिन्यांनी पुन्हा स्क्रीनिंग कमिटी बसेल, तोवर पुन्हा विनोदावर हसायला लागावं. घराचा हप्ता आहे, थोरलीची फी आहे. हे मी हलकं धरत नाही. पोट घेऊन लढणाऱ्याला पोटाची लाज नसावी.

तरी अर्ज लिहिलाय. तीन परिच्छेद कामाचे : किती फायली, किती दिवसांत, एकही आक्षेप नाही. त्यात विचारलंय, संघभावनेला तीन कुठल्या प्रसंगावरून, तो प्रसंग तारखेसह सांगा. चौथ्या परिच्छेदावर पाच दिवस गेले. जातीचा शब्द घालू की नको? घातला नाही तर उत्तर ठरलेलं, 'विचार केला, बदलाचं कारण दिसत नाही.' घातला तर मी 'जातीचं भांडवल करणारा'. परवा रात्री घातला. 'सरकारचे जावई' हे कोण, कुठल्या तारखेला, कुठल्या खोलीत बोललं, ते लिहिलं. वरच्या मजल्यावर गेलेला डबा लिहिला. लिहिताना हसू आलं, सरकारी अर्जात सुकट!

खाली साक्षीदारांचा रकाना मी स्वतःच आखला होता. खोलीत त्या दिवशी सात जण होते. सहाजण बोलणार नाहीत. सातवा तो पोरगा. त्याचं प्रोबेशन अजून आठ महिने आहे. काल तो दोनदा माझ्या टेबलापाशी येऊन गेला, काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. रकाना कोरा ठेवलाय. सोमवारी सकाळी आवक शाखेत अर्ज देणार आणि पोच घेणार.